टोकावरचा दाखव्या

ऐका. मागे बसलेल्यांनी जरा पुढे सरका. वारा आहे, आणि माझा आवाज आता लांब पोचत नाही. कंदिलाची वात थोडी खाली करा कुणीतरी. हां. असं.

तर उद्या तुम्ही टोक बघायला जाणार म्हणता. जा. अवश्य जा! आमच्या बेटावर दुसरं आहे काय? माड, मासळी आणि ते टोक. पण मघाशी जेवताना तुमच्यातलं कुणीतरी म्हणालं, चांदणं काय सुरेख पडलंय, उद्या कशाला, आत्ताच जाऊन येऊ. हसू नका. मी ऐकलं ते. म्हणून तर पान न लावता बसलोय इथे.

आधी जागा समजून घ्या. बेटाच्या पश्चिमेला जमीन संपते. संपते म्हणजे काय, एकदम तुटते. तिथून पुढे समुद्रात एक लांबट काळा दांडा गेलाय, दगडाचा. रुंदी म्हणाल तर दोन बैल शेजारी चालतील एवढी. ओहोटीला उघडा पडतो, भरतीला बुडतो. त्या दांड्याच्या पलीकडे टोक. सगळं काळं. मातीचा कण नाही, झाड नाही. नुसते खांब! उभे खांब, एकाला एक चिकटून, कोन काढलेले. मधाचं पोळं बघितलंय ना? तसं, पण दगडाचं, आणि देवळाएवढं उंच. कोण्या काळी जमिनीच्या पोटातून आग वर आली म्हणतात, पातळ, काकवीसारखी. वाहता वाहता थिजली आणि थिजताना अशी सरळ चिरत गेली. असेल. मला शाळा नाही. मी फक्त बघत आलोय.

असो. गोष्ट सटवाजीची.

सटवाजी होता घाटावरचा पाथरवट. तुम्हाला ठाऊक नसेल, पूर्वी घरोघर जातं असायचं, पाटा असायचा. वापरून वापरून दगड गुळगुळीत होतो, मग त्यावर काही वाटलं जात नाही. त्याला पुन्हा टाकी लावावी लागते, बारीक बारीक खाचा पाडाव्या लागतात. हे काम करायला पाथरवट यायचे. सटवाजी आणि त्याची बायको ठकू, दोघं होडीने आमच्या बेटावर आली. ठकू गल्लीतून ओरडत जायची, "जात्याला टाकी लावा, पाट्याला टाकी लावा!" आवाज असा, की माडावरचा कावळा उडावा. काम दोघं मिळून करायची. त्याची एक हातोडी, तिची एक हातोडी. टण टण, टण टण.

काम आटपलं. सकाळी पहिल्या होडीने जायचं. उतरली होती गोदाक्काच्या ओट्यावर. गोदाक्का म्हणजे होडी चालवणाऱ्या तांडेलाची म्हातारी, तिचा सगळा जन्म ह्याच किनाऱ्यावर गेलेला. संध्याकाळी भाकरी थापता थापता ती बोलून गेली, तुम्ही दगडातली माणसं, आमचं टोक बघितलं नाहीत होय?

झालं! सटवाजीच्या घशाखाली भाकर उतरेना. दिवस मावळलेला. पण पुनव होती. चंद्र आत्ताच वर आलेला, पितळी परातीसारखा. पुनवेची ओहोटी मोठी, दांडा पूर्ण उघडा. आणि सकाळी तर जायचं. परत कधी येणं होणार?

तो उठला.

ठकू म्हणाली, "दिसभर दगूडच बगितला न्हवं? आता रातच्याला बी दगूडच बगायचा?"

"ह्यो येगळा हाय म्हणत्यात."

"येगळा काय? त्याला काय शेपूट हाय?"

"आलोच गं. तू भाकर खा."

"तुमची बी खाते!"

गोदाक्का मात्र हसली नाही. ती म्हणाली, "बघूक काय आसा थंय? दगडच मरे! आणि जातलंस तर चंद्र माडाच्या वर येवच्या आत परत ये. भरती लागली की दांडो बुडता." आणखीही काही तिच्या ओठांवर आलं होतं. पण नुकता दिवा लावलेला. दिवेलागणीला त्याचं नाव आम्ही कुणी घेत नाही, तसा रिवाज आहे. म्हातारीने रिवाज पाळला. ऐकताय ना? इथे चुकलं. तिथेच सांगितलं असतं तर सटवाजी चुलीपुढे बसून राहिला असता.

निघाला. कमरेला हातोडी खोचलेली. पाथरवट हातोडीशिवाय परसातसुद्धा जात नाही.

दांड्यावर पाय ठेवला आणि कानाशी कुणीतरी बोललं.

"जपून हो. डावीकडे शेवाळ आहे."

बघतो तर पुढे एक म्हातारा. खांद्यावर कांबळं, हातात काठी. चेहरा असा शांत, की बघितल्याबरोबर राम राम घालावा. सटवाजीने घातला.

"टोक बघायला आलात?" म्हाताऱ्याने विचारलं.

"व्हय. उद्या जायाचं हाय, म्हनून रातचा."

"वा वा. रात्रीच बघावं. दिवसा काय, गावची पोरंसुद्धा बघतात. किती वर्षांनी कुणीतरी नुसतं बघायला आलं! चला, दाखवतो."

आणि काय वाईट दाखवलं हो त्याने? काही नाही! असा वाटाड्या तुम्हाला मुंबईत पैसे मोजून मिळायचा नाही. दांडा ओलांडला, वळण घेतलं, आणि सटवाजी जागच्या जागी थांबला. समोर भिंत. खांबांची. चंद्र पाठीमागून सरळ भिंतीवर. प्रत्येक खांबाची एक बाजू रुपेरी, एक काळी. रुपेरी, काळी, रुपेरी, काळी, थेट वरपर्यंत. कुठे जोड दिसेना. कुठे वेडीवाकडी कड नाही. सटवाजीने हयातभर ओळंबा लावून दगड घडवले, त्याला कळत होतं समोर काय उभं आहे ते.

त्याने हात लावला. गार दगड. कडेवरून अंगठा फिरवला, जसा आपण नव्या कोयत्याच्या धारेवरून फिरवतो.

"वा!" म्हणाला तो.

म्हाताऱ्याला केवढा आनंद! म्हणाला, "हे काहीच नाही. थोडं पुढून बघा."

थोडं पुढे गेले. तिथे खांब तुटलेले, बुटके, नुसती डोकी वर. जशी काही फरशी बसवलीय. सहा कोनांची, पाच कोनांची, अंगणभर. आणि प्रत्येक डोक्यावर खोलगट खळगा, खळग्यात ओहोटीचं राहिलेलं पाणी. त्या पाण्यात चंद्र. प्रत्येक खळग्यात आपापला चंद्र! सटवाजी दोन पायांवर बसला लहान पोरासारखा. ह्या खळग्यातला चंद्र बघतो, त्या खळग्यातला बघतो.

"वा! आरं वा!"

"थोडं पुढून बघा," म्हातारा म्हणाला. "खाली उतरा. इथून नाद ऐकू येतो."

खाली एक घळ. घळीत लाट शिरायची, आणि आतून असा आवाज यायचा, गंभीर, लांब. भजनाआधी तंबोरा लावतात ना? तसा. छातीत घुमायचा. सटवाजी दगडाला कान लावून उभा राहिला. किती वेळ? त्याला ठाऊक नाही. मला नाही. चंद्राला ठाऊक. चंद्र तोवर माडाच्या वर आलेला. पण माड मागे राहिले होते, आणि मागे बघतो कोण!

हीच त्याची तऱ्हा, लक्षात ठेवा. तो घाबरवत नाही. ओढत नाही. पाय उलटे नाहीत, दात बाहेर आलेले नाहीत, केस मोकळे नाहीत. तो फक्त दाखवतो. आमच्याकडे म्हणूनच त्याला म्हणतात दाखव्या. कोण होता, कुठला होता, कुणाला माहीत नाही. असाच कुणी बघायला गेला असेल आणि बघत राहिला असेल. भरती काही कुणासाठी थांबत नाही.

"आता शेवटचं," म्हातारा म्हणाला. "टोकाच्या पलीकडे. तिथे सावली आहे. तिथे पाणी पेटतं."

आणि खरंच पेटलेलं! पश्चिमेची बाजू, चंद्र खांबांच्या आड. काळोख. आणि त्या काळोखात लाट फुटली की निळा उजेड. फुटली की उजेड. खांबांच्या मुळाशी निळ्या रेघा धावायच्या आणि विझायच्या. आमच्या समुद्राला तसं होतं कधीकधी, मीही बघितलंय, वल्हं मारलं की पाण्यातून ठिणग्या. पण तसं नाही. सटवाजी सांगायचा, तिथे आख्खा समुद्र श्वास घेतल्यासारखा उजळायचा. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. ठकूला आणायला पायजे होतं, असं त्याच्या मनात आलं.

आणि तेवढ्यात त्याला पायाला गार लागलं.

खाली बघितलं. घोट्यापर्यंत पांढरं काहीतरी हलत होतं.

"पानी आलं जनू," तो म्हणाला.

"पाणी नव्हे हो. चांदणं आहे, खांबांवरून उतरलेलं," म्हातारा हसून म्हणाला. "वर ढग हलतोय, म्हणून चांदणं हलतंय. पुढे या. इथून बघा."

काठी पुढे टेकत म्हातारा निघाला. आणि सटवाजी मागोमाग निघालाच होता. एक पाऊल टाकलंसुद्धा! पण, ऐका हं आता. नीट ऐका. जन्मभर जो माणूस दगडावर लोखंड मारत आला, त्याचा कान कधी झोपत नाही. डोळे भुलले होते, कान जागा होता. म्हाताऱ्याची काठी दगडावर पडत होती. पडत होती. पडत होती. आणि आवाज नव्हता.

टक् नाही. टुक् नाही. काहीच नाही!

सटवाजी थांबला. हळूच कमरेची हातोडी काढली. खाली वाकला, त्या चांदण्यात हात घातला. हात मनगटापर्यंत बुडाला. खारट पाणी. भरती लागली होती, आणि तो सावलीत टोकाच्या टोकाला उभा होता. वर चढायला खांब सरळसोट, ओल्या काचेसारखे. मागे दांडा, तो बुडत चाललेला. पोहता येत होतं म्हणाल? घाटावरचा माणूस! विहिरीतसुद्धा कधी उतरला नव्हता.

म्हातारा वळला. चेहरा तसाच शांत. "का थांबलात? बघा ना."

आणि सटवाजीला कळलं. बघितलं की पाय पुढे जातो. जोवर बघतोय, तोवर हा सोडणार नाही. म्हणजे हा सोडेलही, पण आपल्यालाच सोडवणार नाही!

मग त्याने काय केलं? डोळे मिटले.

पाथरवटाला ती सवय असते. टाकी लावताना दगडाची कपची उडते, डोळ्यात जाते, माणूस आंधळा होतो. म्हणून घाव घालताना ते डोळे मिटतात, आणि कानाने, बोटाने काम करतात. सटवाजीने मिटले ते घट्ट मिटले. गुडघ्यांवर बसला, आणि रांगत रांगत निघाला. पुढे हातोडी मारायची. टण्ण वाजलं तर कोरडा, पक्का दगड. तिथे हात टाकायचा. थप् वाजलं तर शेवाळ. तिथे नाही. चुबुक झालं तर पाणी. तिथे तर नाहीच नाही. टण्ण. हात. टण्ण. गुडघा. थप्. मागे. दुसरीकडे टण्ण.

"डोळे उघडा हो," मागून आवाज. "आत्ता कुठे पाणी पेटलंय खरं. आता निळं नाही. आता हिरवं आहे, मोराच्या पिसासारखं."

टण्ण. हात.

"बरं, पाण्याचं राहू दे. खांब बघा. खांब वाजतायत आता, तारेसारखे."

आणि खरंच वाजत होते! चारी बाजूंनी तो तंबोरा. सटवाजीचे दात एकमेकांवर आपटत होते. पाणी मांडीला. टण्ण. गुडघा.

मग काय झालं, तर पापण्यांवर ऊब आली. बंद पापण्यांच्या आड लाल लाल झालं. कोवळं ऊन पडतं ना तोंडावर, तसं. "बघा, बघा! सूर्य उगवला! पश्चिमेला, समुद्रातून! कुणी बघितलंय असं? कुणी नाही बघितलेलं. तुम्हालाच दाखवतोय!" सटवाजी मला सांगायचा, ठकूची आण घेऊन सांगायचा, की त्या उबेने त्याला रडू आलं. इतकी सुरेख ऊब. एवढं एक बघावं आणि मरावं, असं वाटलं म्हणे. पापणी हलली. थोडी हलली!

तेवढ्यात पुढून हाक.

"धनी! अवो धनी! मी आले. डोळं उगडा. हात द्या माज्या हातात."

ठकूचा आवाज. हुबेहूब. पण पुढून म्हणजे कुठून? दांडा कुठल्या बाजूला राहिला होता? रांगता रांगता त्याची दिशाच हरवलेली. आणि मग डावीकडूनही ठकू. "आरं मुडद्या, हिकडं! हिकडं ये!" पुढे ठकू, डावीकडे ठकू. मागेही एक ठकू, हुंदके देत.

आता बोला. काय करायचं? कुठली खरी?

मी विचारलं होतं त्याला, शिव्या देणारी खरी ना? तर तो म्हणाला, "न्हाई बाबा, तवा तिन्ही शिव्या द्याया लागल्या."

सटवाजी थांबला. पाणी कमरेला. त्याने जोरात ओरडून सांगितलं, "जी कुनी खरी ठकू आसंल, तिनं बोलू नगं! हातोडी मारावी!"

सगळ्या ठकू गप्प झाल्या. नुसती लाट.

आणि मग डावीकडून. लांबून. टण टण. टण टण.

दगडावर लोखंड! ज्याला काठी वाजवता येत नाही, त्याला ते कुठून जमणार? आवाज काढेल हजार, रंग दाखवेल हजार, दगडाला मात्र तो हात लावू शकत नाही बिचारा. सटवाजी वळला. इकडून टण्ण, तिकडून टण टण. नवरा-बायको रोज जसं जात्यावर बसायची तसं. तो एक घाव घालायचा, ती दोन. पाणी छातीला आलं, तेव्हा हातोडी पाण्याखाली मारायला लागला, हाताला बसणाऱ्या दणक्यावरून दगड ओळखायचा. एका लाटेने उचलला, आपटला. कपाळ फुटलं. डोळे उघडले नाहीत. लाट गेली, हातोडी हातात होती. टण टण. तिकडे.

शेवटी कुणीतरी दंड धरला. दोघींनी धरला. ओढून घेतला वर.

झालं होतं असं, की चंद्र वर आला तरी हा येईना, तेव्हा गोदाक्काने रिवाज बाजूला ठेवला आणि ठकूला दाखव्याचं नाव सांगितलं. ठकूने भाकर टाकली. आपली हातोडी उचलली, पळत सुटली. म्हातारी कंदील घेऊन मागे. दांड्याच्या अलीकडे कंबरभर पाण्यात उभी राहून ती बाई एका उंचवट्यावर हातोडी मारत होती, आणि गोदाक्काने तिचा पदर मागून मुठीत गच्च धरला होता.

"उगडा की आता डोळं!" ठकू म्हणाली.

सटवाजी डोळे उघडेना. "आदी मार."

"आवो, मीच हाय!"

"मार म्हनतो न्हवं?"

ठकूने त्याच्या कानाशी, दगडावर, असा घाव घातला की ठिणगी उडाली. तेव्हा त्याने डोळे उघडले. समोर ठकूचं तोंड, ओलं, रागाने लाल. गोदाक्काचा कंदील. बस. त्याला ते पुरे झालं.

मागून एकदाच आवाज आला. रागाचा नव्हे. दमलेला. "अहो, एवढं एक बघून जा. मग बरेच दिवस कुणी यायचं नाही."

ठकूने त्याचं डोकं आपल्या छातीशी दाबून धरलं आणि तसंच चालवत नेलं. वाटभर शिव्या देत होती. दगडाला शेपूट नाही म्हणे, दगडाला भूत आहे म्हणे, आणि माझ्या नशिबाला हा आहे म्हणे.

सकाळी होडी टोकाला वळसा घालून गेली. ऊन पडलेलं, खांब चमकत होते, होडीतली सगळी माणसं बघत होती. सटवाजी पाठ करून बसला. कपाळाला हळद लावलेली. ठकू बघत होती मात्र. बऱ्याच वेळाने ती हळूच म्हणाली, "लई झ्याक हाय ओ." तो म्हणाला, "मला नगं सांगू."

पुढे तो दर साली आला बेटावर. आमच्या ओसरीवर बसून माझ्या आईच्या पाट्याला टाकी लावता लावता त्यानेच मला हे सांगितलं. कपाळावरचा वण दाखवला. दांड्याकडे मात्र परत कधी फिरकला नाही, दिवसासुद्धा.

तुम्ही दिवसा जा. मी होय म्हणतो. भिंत बघा, फरशी बघा, घळीला कान लावा. अख्ख्या किनाऱ्यावर अशी जागा दुसरी नाही, हे मी सांगतो, आणि मी कुठे फारसा गेलेलो नाही तरी सांगतो. पण सूर्य पाण्याला टेकला की निघा. आणि आपल्यासोबत न आलेला कुणी म्हणाला, थोडं पुढून बघा, तर त्याला होय म्हणू नका, नको म्हणू नका, चालू लागा. रात्री त्या दांड्यावर पाय ठेवायचा नाही. चांदणं असो, काळोख असो. नाही म्हणजे नाही.

आणि तो वाईट आहे म्हणून सांगत नाही हो मी. वाईट असता तर सांगावं लागलंच नसतं, तुम्ही आपणच पळाला असता. तो चांगला आहे. एकटा आहे. आणि त्याच्याकडे दाखवायला अजून खूप आहे.